पूर्ण सहमत

मुलीचा अंगठा थांबला. एवढंच झालं. बाकी त्या संध्याकाळी घरात काही म्हणजे काही घडलं नाही. जेवणं उरकली होती, टेबलाच्या अर्ध्या भागात मुलीच्या कॉलेजचं पुठ्ठ्याचं घर वाळत ठेवलं होतं, त्याच्या डिंकाचा वास खोलीभर होता, बायको दिव्याखाली कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसली होती आणि मुलगी माझ्या मोबाइलवरून माझ्याबद्दलचे प्रश्न मोठ्यानं वाचून त्यांची उत्तरं देत होती. प्रश्न माझ्याबद्दलचे, उत्तरं तिची. त्या स्वभाव ओळखण्याच्या चाचणीत तसा पर्यायच होता, ‘जवळच्या व्यक्तीच्या नजरेतून’. ‘या व्यक्तीला गर्दीत जाण्याचा कंटाळा येतो.’ पूर्ण सहमत. दोघी हसल्या. ‘ही व्यक्ती आपल्या वस्तू जागच्या जागी ठेवते.’ ‘पूर्ण सहमत,’ मुलगी म्हणाली, ‘आणि आमच्यासुद्धा.’ मीही हसलो. मी घरात हसतो, हे सांगून ठेवलेलं बरं. मग तिनं पुढचं वाक्य वाचलं. ‘मी संकटात सापडले, तर सर्वात आधी या व्यक्तीला हाक मारेन.’ आणि अंगठा काचेच्या वर नखभर अंतरावर तसाच राहिला. तिनं आईकडे पाहिलं. आईचा हातही थांबला होता. मग आई मान वर न करता म्हणाली, ‘दे की. पूर्ण सहमत.’ अंगठा खाली आला, पुढचा प्रश्न आला, आम्ही पुन्हा हसायला लागलो आणि शेवटी निकाल लागला तो सकाळचाच, आधारस्तंभ. ‘जुळलं बाबा,’ मुलगी म्हणाली. ‘घरीदारी सारखेच तुम्ही.’

सकाळी हीच चाचणी आम्हा सगळ्यांकडून कामाच्या ठिकाणी करून घेतली होती. मी अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतो. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, कुणी काही गिळलं, की जो नंबर लावतात त्याच्या दुसऱ्या टोकाला मी असतो, किंवा माझ्यासारखी आणखी काही माणसं असतात. बिनखिडक्यांची लांबट खोली, कानाला हेडफोन, समोर पडदे, थंडगार हवा. तिथं एक तरतरीत बाई आली, आमच्या तणावाची तिला काळजी होती, आणि तिनं आम्हाला प्रत्येकाला आपण कोण आहोत ते सांगायचं ठरवलं होतं. आमचे साहेब ‘वादळ’ निघाले. त्यासाठी चाचणीची गरज नव्हती, त्यांच्या चपलांचा आवाज पुरला असता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, जिला सगळे ताई म्हणतात, ती ‘पूल’ निघाली, आणि दिवसभर लोक तिला, तुमच्यावरून जाऊ का, म्हणून छळत राहिले. मला तिथं गेली कित्येक वर्षं बर्फ म्हणतात. मी ‘आधारस्तंभ’ निघालो तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. ‘संकटात यांचं चित्त स्थिर राहतं. आवाज चढत नाही. आजूबाजूचे लोक नकळत यांच्या आधारानं उभे असतात.’ ती बाई हे वाचत असताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या वयात कोण कुणाला असं तोंडावर सांगतं? खाली बारीक अक्षरांत ‘लक्ष देण्याजोग्या बाजू’ म्हणून काही लिहिलं होतं, ते मी नंतर वाचू म्हणून सोडलं. मला निकाल आवडला होता. आवडला नसता तर घरी कशाला दाखवला असता.

आता कुणी म्हणेल, अंगठाच तो, थांबला असेल. पण थांबणं ऐकणं हाच माझा धंदा आहे. माणसं फोनवर जे बोलतात त्यातलं निम्मं बिनकामाचं असतं. खरं काय ते बोलता बोलता जिथं अडखळतात तिथं असतं. ‘पायऱ्यांवरून... पडले.’ पायऱ्या आणि पडणं यांच्या मधे जी फट राहते, ती मला ऐकू येते, ताईला येत नाही, नव्या मुलांना तर मुळीच येत नाही. अशी फट आली की मी प्रश्नांची तऱ्हा बदलतो. सांगा, समजावा, वर्णन करा, असं काही विचारायचं नाही, कारण ज्यानं ढकललं तो बहुतेक त्याच खोलीत उभा असतो. मग हो किंवा नाही एवढ्यावर भागेल असेच प्रश्न टाकायचे. तुम्हाला मोकळं बोलता येतंय का? नाही. तिथं कुणी आहे का? हो. त्याची भीती वाटते का? हो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल, बाई वाण्याशी बोलतेय. या पद्धतीनं मी माणसं बाहेर काढली आहेत, नव्या लोकांना शिकवताना माझे फोन ऐकवतात. तेव्हा माझ्या स्वतःच्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली, माझ्या मुलीच्या अंगठ्यात आणि बायकोच्या हातात एकाच वेळी जी फट पडली, ती मला ऐकू आली नाही असं मी कसं म्हणू? आणि निकाल जुळला, हेच तर जास्त वाईट झालं. ‘थोडी असहमत’ म्हणून काहीतरी गमतीचं उत्तर आलं असतं, तर मी चिडवलं असतं आणि झोपी गेलो असतो. ‘पूर्ण सहमत’ हे मला पदरात घातल्यासारखं वाटलं.

माझे वडील ओरडायचे. हे सांगितलं की लोक म्हणतात, सगळ्यांचेच ओरडायचे. तसं नाही. माझे वडील ओरडायला लागले की खालच्या मजल्यावरचे रेडिओ बंद व्हायचे, नीट ऐकू यावं म्हणून. ताटं उडायची, दारं आपटायची, आई ओट्याला टेकून उभी राहायची आणि मी पलंगाखालच्या ट्रंकांच्या मागे जाऊन बसायचो, तिथं जुन्या चादरींचा वास यायचा. तिथंच मी ठरवलं होतं की मी कधी आवाज चढवणार नाही. लहानपणी माणूस काय काय ठरवतो, आणि मोठेपणी त्यातलं काही उरत नाही, माझं उरलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, बायकोला विचारा, मी एकदाही ओरडलेलो नाही. मुलगी आठ वर्षांची असताना तिनं न्हाणीघराचा नळ उघडा टाकला आणि खेळायला गेली. मी आलो तेव्हा पाणी जिन्यापर्यंत आलं होतं, खालच्यांच्या छतातून गळायला लागलं होतं, खालच्या बाई दारात उभ्या राहून तोंडाचा पट्टा सोडत होत्या. मी नळ बंद केला, त्यांना घरी पाठवलं, स्टूल ओढून बसलो, म्हणजे माझे आणि तिचे डोळे एका पातळीवर येतील, आणि हळू आवाजात विचारलं. नळ कुणी उघडला. कशासाठी. मग तू कुठं गेलीस. जाताना मागे वळून पाहिलंस का. पाणी ऐकू येत होतं का. मग. मग. ती हात मागे बांधून उभी होती आणि एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत होती, रडली नाही. शेवटी ओकली. मी तेही पुसलं. तिचं पोट बिघडलं असणार असं मी बायकोला म्हणालो, आणि पुढं कित्येक वर्षं मी लोकांना हा किस्सा सांगत आलो, मुलांना कसं हाताळावं याचा नमुना म्हणून.

त्या संध्याकाळनंतर मी घर ऐकायला लागलो. वाईट सवय आहे, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत. किल्ली कुलपात फिरली की आतलं बोलणं कापल्यासारखं बंद पडायचं आणि मी आत पाय टाकेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचं, पण वेगळं, थोडं वरच्या पट्टीत. ‘आलात?’ बायको म्हणायची. नुसतं ‘आलात’. मुलगी पुठ्ठ्यावर पट्टी धरून पातं ओढत असायची, मी जवळून गेलो की पातं थांबायचं. ‘कॉलेज?’ ‘झालं.’ ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘काही झालंय का?’ ‘नाही.’ ही उत्तरं मी कुठंतरी ऐकली आहेत असं सारखं वाटत होतं, आणि कुठं ते आठवायला मी तयार नव्हतो. बायको जिना चढताना मधल्या वळणावर थांबते, हे मला नव्यानंच दिसलं. ती म्हणाली, पिशवी जड आहे. पिशवीत दोऱ्याची रिळं होती. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता. मी बघितलं तशी तिनं बाही खाली केली. ‘सुई लागली,’ ती म्हणाली. ती दिवसभर शिवणकाम करते, तिचं कपडे ऑल्टर करून द्यायचं छोटं दुकान आहे, सुया तिला लागतातच, पण बोटांना. कोपराच्या खळगीत कुणी शिवत नाही. मी पुढचा प्रश्न तोंडात तयार ठेवला होता, कधी लागली, आणि त्याच्या मागचा, आणि त्याच्याही मागचा. तिनं तो बहुधा येताना पाहिला. ‘अहो, जरा चहा टाकता का,’ ती म्हणाली, आणि मी उठलो. आधण ठेवताना माझ्या लक्षात आलं की आपल्याला सफाईनं खोलीतून बाहेर काढलेलं आहे, जसं मी फोनवर सांगतो, त्याला काहीतरी कामाला लावा, पाणी आणायला पाठवा.

कामावरही माझं लक्ष उडालं. एका म्हाताऱ्याला मी पत्ता दोनदा विचारला, ताईनं मान वळवून पाहिलं. ‘बर्फ वितळतोय का काय?’ ती म्हणाली. मी हसलो नाही. मग मी असं काही केलं जे मला शोभत नाही. मी ती चाचणी पुन्हा दिली. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून, पण बायको झालो आहे असं समजून. ‘या व्यक्तीशी मी मनातलं बोलते.’ माझाच अंगठा थांबला. तिच्या मनातलं काय आहे हे मला ठाऊक असतं, तर मला उत्तर देता आलं असतं. मी एकेक आठवून पाहिलं. तिला रंग कुठला आवडतो ते माहीत होतं, मीठ कमी लागतं ते माहीत होतं, घाई असली की ती दारापाशी दोनदा परत येते ते माहीत होतं. तिला कशाची धास्ती वाटते, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, काही नाही, मी आहे ना. मी चाचणी अर्ध्यात बंद केली आणि तेव्हा ती बारीक अक्षरं वाचली, जी सोडली होती. ‘यांच्या शांतपणापुढे इतरांना आपली चूक मोठी झाल्यासारखी वाटू शकते.’ वाटू शकते म्हणे. असल्या वाक्यांना काही अर्थ नसतो, कुणालाही लागू पडतात. मी ते तीनदा वाचलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी दुकानावर गेलो. बायको सकाळीच निघाली होती, आज कामाचा ढीग आहे म्हणून. दुकानाचं शटर खाली होतं आणि त्याला कुलूप होतं. मी त्या कुलपाकडे बराच वेळ बघत उभा राहिलो, जणू ते काही बोलणार होतं. शेजारी चष्म्याचं दुकान आहे. दुकानदाराशी माझी तोंडओळख आहे, लांबून मान हलवण्याइतकी. मी दार ढकललं आणि दारावरची घंटी वाजली, दोन सुरांची, दुसरा सूर घोगरा, चिरल्यासारखा. ती घंटी मी ऐकली होती, पण इथं नाही, मी त्या दुकानात पूर्वी कधी गेलोच नव्हतो.

‘या या,’ चष्मेवाला म्हणाला. ‘वहिनींना आज डॉक्टरांकडे जायचं होतं ना?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘आता बरं आहे ना पण? त्या दिवशी आमची पाचावर धारण बसली हो. मशीनवर बसल्या बसल्या खाली आल्या, ओठ निळे पडलेले. नशीब, तुमची मुलगी किल्ली द्यायला आली होती. तिच्या मोबाइलची बॅटरी संपलेली, तर मी माझा दिला. लावला की तिनं फोन, तुमच्याच अ‍ॅम्ब्युलन्सला. लगेच लागला. आणि एकदम ठेवूनच दिला तिनं. म्हणाली, काका, टॅक्सी बघा. मी म्हटलं, अगं, तुझे वडीलच असतात ना तिथं? बसवलं दोघींना टॅक्सीत. इथं आत येतोय तोवर तुमच्याकडून परत फोन, मदत हवी आहे का. मी म्हटलं, गेल्या त्या, आता नको.’ तो थांबला, माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्हाला माहीतच असेल सगळं.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘हो.’

तो फोन मला आठवत होता. मुके फोन येतच असतात. मुलं चाळा करतात, खिशात बटण दाबलं जातं. मी म्हणालो होतो, बोला, मी ऐकतोय. हे मी प्रत्येकालाच म्हणतो, तेच तीन शब्द, त्याच पट्टीत, नव्या लोकांना तसंच म्हणायला शिकवतात. पलीकडे कुणीतरी श्वास आत घेतला होता आणि सोडलाच नव्हता. मग फोन बंद. नियमाप्रमाणे मी परत लावला, एक पुरुष म्हणाला नको, त्याच्या मागे ही चिरकी घंटी वाजली, आणि मी ‘मदत नको’ अशी नोंद टाकून पुढचा फोन घेतला. श्वास ओळखणारा मी, स्वतःच्या पोरीचा श्वास मला ओळखता आला नाही. तिनं मात्र माझा आवाज तीन शब्दांत ओळखला होता. चष्मेवाला पाणी घेऊन आला. मी नको म्हणालो आणि ती घंटी पुन्हा ऐकत बाहेर पडलो.

रस्त्यानं चालताना मला राग आला होता. नुसता राग नव्हे, भयंकर राग, डोक्यात घण पडावेत तसा, आणि मला तो ओळखीचा वाटला. पलंगाखाली बसून ऐकला होता तोच. ही पोरगी, आई डोळ्यांदेखत निळी पडते आणि ही फोन ठेवते? टॅक्सी? टॅक्सीत प्राणवायू असतो का? सिग्नलला अडकली असती तर? मी किती वेळात गाडी पाठवली असती हे मला पाठ आहे, त्या रस्त्याच्या जवळची गाडी कुठं उभी असते तेही. आणि नंतर इतके दिवस दोघी माझ्यासमोर बसून जेवल्या, हसल्या, चाचणीत मला खांब ठरवून मोकळ्या झाल्या. लोक समोरून येत होते आणि बाजूला होत होते. एका काचेत मी दिसलो. माझा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं होतं की निदान तोंड तरी लाल झालं असेल. काही नाही, झोपेतून उठल्यासारखा, मऊ, ऐकून घेणारा चेहरा, आणि मला प्रथमच त्याची भीती वाटली, म्हणजे हा माणूस आता घरी जाणार आहे याची.

घरी कुणी नव्हतं. मी टेबलाशी बसलो. पुठ्ठ्याचं घर पूर्ण झालं होतं, त्याला छोटा जिना होता, खिडक्यांना खरी काच असावी तसा कागद लावला होता. मी पहिलं वाक्य तयार केलं. मग दुसरं. उन्हं भिंतीवरून उतरून जमिनीवर आली आणि गेली, दिवा लावायला मी उठलो नाही. जिन्यावर पावलं वाजली, मधल्या वळणावर थांबली, पुन्हा वाजली. दार उघडलं. मुलीनं दिवा लावला आणि मला पाहून तिचा हात बटणावरच राहिला.

‘बाबा? तुम्ही अंधारात का बसलात?’

‘दुकानावर गेलो होतो,’ मी म्हणालो. ‘चष्मेवाले भेटले.’

बायको पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसली. मुलगी उभीच राहिली. तिचे हात मागे गेले आणि एकमेकांत अडकले, एवढी घोड्याएवढी पोरगी.

‘त्या दिवशी फोन तू लावलास,’ मी म्हणालो.

‘हो.’

‘मी उचलला.’

‘हो.’

‘माझा आवाज ओळखलास.’

‘हो.’

‘आणि ठेवलास.’

‘हो.’

माझा आवाज सुरेख लागला होता. खालच्या पट्टीत, सावकाश, प्रत्येक शब्दाच्या मागे पुरेशी जागा. आणि तो ऐकता ऐकता मला इतके दिवस न आठवलेली गोष्ट आठवली, अशी उत्तरं कोण देतं ते. यापुढचा प्रश्न मी रोज विचारतो. तिथं कुणी आहे का, त्याची भीती वाटते का. खोलीत आम्ही तिघंच होतो. त्यातल्या दोघी एकमेकींना भीत नव्हत्या. मला खूप वाईट वाटलं, इतकं की तोंडात धातूची चव आली, आणि तरीही तोंड चालूच राहिलं, कारण ते थांबवायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

‘ओठ निळे म्हणजे काय, तुला ठाऊक आहे,’ मी म्हणालो. ‘मी तुला शाळेत असताना शिकवलंय. तरीही तू...’

‘तिला काय विचारताय?’ बायको म्हणाली. ती खुर्चीच्या पाठीला टेकली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. ‘ती बोलणारच होती. मी खुणेनं सांगितलं, ठेव.’

मुलगी म्हणाली, ‘आई, राहू दे.’

‘राहू दे काय. पोरीनं किती दिवस ओझं वाहायचं? अहो, मी खाली पडले होते, पण शुद्ध होती मला. फोन माझ्या कानाशीच होता. तुमचा आवाज आला. बोला, मी ऐकतोय. आणि मी हिचा, ठकूचा, हात धरला नि मानेनं खूण केली, ठेव तो.’

‘का?’ मी विचारलं.

बायकोनं डोळे उघडले. त्यांत राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

‘हे असं विचारलं असतंत म्हणून,’ ती म्हणाली. ‘कधीपासून दुखत होतं. आधी का नाही सांगितलं. गोळ्या कुणाच्या घेतल्या. मग, मग, मग. मला तेवढा दम नव्हता हो. मला वाटलं, मरायचं तर मरू, पण आत्ता जाब नको.’

मी तोंड उघडलं. मला ओरडायचं होतं. निदान एकदा, वडिलांसारखं, ताट भिंतीवर फोडून, म्हणजे या दोघींना कळलं असतं की आत काहीतरी आहे, दगड नाही. आवाज फुटला नाही. घशातून काहीतरी घोगरं आलं, ते बहुधा मला सोडून कुणाला ऐकू गेलं नाही. मुलगी आत जाऊन पाणी घेऊन आली आणि आईला दिलं. बायको निम्मं प्यायली, पेला धरून बसली, आणि हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायला लागली, की हृदयाची एक नळी चोंदल्यासारखी आहे म्हणतात, परवा मनगटातून तार घालून आत बघणार आहेत, घाबरण्यासारखं नाही, त्याच दिवशी सोडतात. मला यातला शब्दन् शब्द माहीत होता, त्यात काय काय बिघडू शकतं तेही, आणि कोणतं हॉस्पिटल, कोणते डॉक्टर, रक्त पातळ करायची गोळी सुरू केली की नाही, हे सगळे प्रश्न माझ्या जिभेवर रांगेत येऊन उभे राहिले. मी दात आवळून धरले.

‘मी येऊ का?’ मी विचारलं.

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं पेल्यात पाहिलं. मी त्या वेळात काही ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

‘या,’ बायको म्हणाली. ‘पण बाहेर बसाल? आत ठकू येईल माझ्याबरोबर.’

‘बसेन,’ मी म्हणालो. ‘बाहेर बसेन.’

त्या दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, मी आणखी काही विचारतो का म्हणून.